क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून…

सायू,

काल फोनवर "ताई, क्रिएटिनिन ०.८! किडनी ठणठणीत!" म्हणालीस तेव्हा मी नुसतं हं हं केलं. मावशी शेजारी बसली होती, तिच्या आनंदावर विरजण कशाला घाला. आता घरात निजानीज झाली असेल, तर नीट वाच. आणि हे कुठल्या ग्रुपवर पुढे पाठवू नकोस, तुझ्यासाठीच लिहितेय.

क्रिएटिनिन चांगलं आलं ही बरी गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय. पण तुझ्या दुखण्याचं माप त्या आकड्यात नाही. किडनीची गाळायची ताकद निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा हूं की चूं करत नाही. त्यातून तू हाडकुळी. अंगावर स्नायू कमी, म्हणजे तो आकडा मुळातच कमी दिसणार. तू बघायला हवं ते रिपोर्टाचं दुसरं पान. चोवीस तासांच्या लघवीत ६.२ ग्रॅम प्रथिनं आणि रक्तातलं ॲल्ब्युमिन २.३. धडधाकट माणसाच्या लघवीतून दिवसभरात १५० मिलिग्रॅमच्या आत प्रथिनं जातात. साडेतीन ग्रॅमच्या वर गेली की डॉक्टर नेफ्रोटिक म्हणतात. सकाळी डोळ्यांखाली येणारी ती सूज, चपलेचा पट्टा पावलात रुतणं, कमोडमध्ये दोनदा फ्लश करूनही न जाणारा फेस, सगळं त्या दुसऱ्या पानावरचं आहे. "उन्हाळ्यानं सुजलंय" म्हणून तू दीड महिना काढलास, त्याबद्दल आता बोलत नाही.

तुझी बायप्सी दुसऱ्या लॅबला गेली, पण अशा बायप्सी बघणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून आत काय झालंय ते तुला सांगू शकते. सुई बाहेर आली की हाती लागतो तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा, मिलिमीटरभर जाडीचा तुकडा. आम्ही तो आधी भिंगाखाली धरतो. फिकट मांसात बारीक लालसर ठिपके दिसले की जीव भांड्यात पडतो, कारण ते ठिपके म्हणजेच गाळण्या. मग त्याचे तीन वाटे. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक गोठवायला, एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. तुझ्या रिपोर्टात 'मेम्ब्रेनस' लिहिलंय ना, त्यात चांदीच्या रंगानं गाळणीचा पडदा काळा केला की त्याच्या बाहेरच्या कडेला बारीक काटे उभे राहिलेले दिसतात. आजार अगदी कोवळा असेल तर ते नसतातही. पण गोठवलेल्या तुकड्यावर दिवा लावला की पडद्याच्या कडेकडेनं हिरवे कण चमकतात. ती प्रतिपिंडं. जंतूंवर जायची ती तुझ्या स्वतःच्या गाळणीवर येऊन बसलीत.

एका किडनीत अशा साधारण दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं रक्तात परत देतात. प्रत्येक गाळणी म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ, आणि त्या वाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या असतात पोडोसाइट नावाच्या पेशी. आता फोन मांडीवर ठेव आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफ. शेजारशेजारच्या दोन पोडोसाइट अशाच पाय गुंफून बसतात आणि मधल्या फटींतून पाणी जातं, ॲल्ब्युमिन जात नाही. त्या फटींवर प्रथिनांचं जाळं ताणलेलं असतं. त्यातलं मुख्य प्रथिन नेफ्रिन. कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटानं १९९८ मध्ये ते शोधलं, तेही फिनलंडमधल्या अशा बाळांमुळे की ज्यांच्या लघवीतून जन्मापासूनच प्रथिनं वाहत होती. एका प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आणि सगळी गाळणीच निकामी. आता गुंफलेली बोटं सोड आणि तळवे सपाट कर. तुझ्या गाळण्यांत सध्या हे झालंय. पाय पसरट झालेत, फटी मोडल्यात.

सपाट झालेले पाय पुन्हा गुंफले जाऊ शकतात, हे आधी लक्षात ठेव. रडू नकोस.

पण एक गोष्ट मात्र आहे, आणि तिच्याचसाठी मी हे लिहायला बसले. कातडी सोलवटली तर नवी येते, आतड्याचं अस्तर तर आठवडाभरात बदलतं. पोडोसाइट पक्व झाली की तिची विभागणी जवळपास थांबते. एक गेली तर शेजारणी अंग पसरून तिची जागा झाकतात, नवी भरती नाही. किती गेल्या तर चालतं? मिशिगनच्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांत या पेशी मोजूनमापून मारून पाहिलं. पाचातली एक गेली तोवर गाळणी कशीबशी सावरली, लघवीतली प्रथिनंही थोडे दिवस येऊन थांबली. त्याहून जास्त गेल्या तशी गाळणीत जागोजागी व्रण धरू लागले, आणि पाचातल्या दोनांच्या वर गेल्यावर किडनीचं कामच ढासळलं. क्रिएटिनिन हलतं ते असं सगळ्यात शेवटी. म्हणून म्हणते, त्या आकड्यावर नाचू नकोस.

आणि या पेशी गाळणीवरून सुटून जातात कुठे, माहितीये? लघवीत. गाळणीच्या आजारात लघवीतून मिळालेल्या पोडोसाइटमधल्या कित्येक जिवंत असतात, प्रयोगशाळेतल्या बशीत ठेवल्या तर वाढतातसुद्धा. मेल्या म्हणून नव्हे, तर पकड सुटली म्हणून वाहून गेलेल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, आणि मी काही हळव्या मनाची नाही.

जी पेशी बदलता येत नाही तिला स्वतःची डागडुजी स्वतःच करावी लागते. रोज नवी प्रथिनं घडवायची, बिघडलेली मोडीत काढायची. मोडीचे दोन रस्ते असतात. पहिला असा, की बिघडलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण डकवायची आणि प्रोटिअसोम नावाच्या यंत्रणेकडं पाठवायचं. तिथं त्याचे बारीक तुकडे होतात. यासाठी चिखॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरा रस्ता मोठ्या ऐवजासाठी. प्रथिनांचे गठ्ठे, जुनी झालेली पेशीअंगकं एका पिशवीत बांधून लयकारिकेत नेऊन विरघळवायची. ही ऑटोफॅजी. यीस्टमध्ये ती उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल. पोडोसाइटमध्ये ही दुसरी यंत्रणा एरवीसुद्धा, काही संकट नसतानाही, जोरात चालू असते. जर्मनीतल्या एका गटानं २०१० मध्ये उंदरांच्या पोडोसाइटमधून तिचं एक जनुक काढून टाकलं. तरुणपणी त्या उंदरांचं फारसं बिघडलं नाही, कारण प्रोटिअसोमनं जास्तीचं काम अंगावर घेतलं. म्हातारे झाल्यावर मात्र पेशींत बिघडलेल्या प्रथिनांचे ढीग साठले, पेशी गळाल्या, लघवीतून प्रथिनं सुरू झाली, गाळण्यांत व्रण पडले.

तुझ्या आजारात याच यंत्रणेवर ताण आलाय. पडद्यावर बसलेली प्रतिपिंडं रक्तातल्या पूरक प्रथिनांना जागं करतात, आणि त्यांची साखळी शेवटी सी५बी-९ नावाचा जुडगा बनवून पोडोसाइटच्या आवरणात घुसते. जंतू असता तर भोक पडून फुटला असता. पोडोसाइट तशी मरत नाही, तग धरते, पण आत गोंधळ माजतो. प्रथिनं घडवणारी आंतर्द्रव्यजालिका बेजार होते, नीट न घडलेली प्रथिनं साचतात, मोडीची दोन्ही खाती जुंपली जातात. माँट्रियलचे आंद्रेय सिबुल्स्की यांनी वर्षानुवर्षं हेच तपासलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही धावपळ काही काळ पेशीला वाचवते आणि फार लांबली तर तिलाच गोत्यात आणते. ही धावपळ किती लांबू द्यायची ते थोडंफार तुझ्या हातात आहे, म्हणून सांगतेय.

मोडीचं काम चुकीच्या जागी झालं तर काय होतं, तेही सांगते. हा माझा आवडता भाग आहे, जरा सहन कर. लयकारिकेत कॅथेप्सिन-एल नावाचं प्रथिनं कापणारं विकर असतं. आत बंद आहे तोवर त्याचं काम चोख. पण गाळणीच्या काही आजारांत त्याचा एक आखूड प्रकार पेशीच्या मुख्य द्रवात सापडतो आणि पायांचा सांगाडा सांभाळणारी धडधाकट प्रथिनं कापत सुटतो. त्यातलं एक सिनॅप्टोपोडिन. २००८ मध्ये पीटर मुंडेल यांच्या गटानं दाखवलं की कॅल्सिन्यूरिन नावाचं दुसरं एक विकर सिनॅप्टोपोडिनवरचं संरक्षण काढून घेतं, आणि मगच कॅथेप्सिन त्याचा घास घेतं. सायक्लोस्पोरिन हे औषध कॅल्सिन्यूरिनला अडवतं. वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते की सायक्लोस्पोरिननं लघवीतली प्रथिनं कमी होतात ती फक्त पांढऱ्या पेशी दबल्यामुळे. इथं तर ते थेट पोडोसाइटचा सांगाडा वाचवत होतं! हे उंदरांतलं काम आहे, माणसाच्या आजाराला जसंच्या तसं लावू नये. तरी, काका परवा "नुसती बीपीची गोळी का दिली, भारीतलं औषध का नाही" म्हणत होते ना? ते भारीतलं औषध डॉक्टरांनी हाताशी ठेवलंय. का ठेवलंय, ते तुझ्या त्या चेहऱ्याच्या क्रीमबद्दल बोलेन तेव्हा सांगते.

त्याआधी उपासाचं बोलू. तुझ्या त्या योगाच्या क्लासमधल्या बाईंनी "सोळा तास उपाशी राहा, ऑटोफॅजी सुरू होते, किडनी साफ होते" असं सांगितलंय म्हणे. ओसुमींच्या नोबेलचं नाव घेऊन काय काय खपतंय, बापरे. उपाशी यीस्टमध्ये ऑटोफॅजी वाढते हे खरं. त्यावरून तुझ्यासारख्या, ॲल्ब्युमिन २.३ असलेल्या आणि लघवी होण्याची गोळी घेणाऱ्या मुलीनं दिवसभर कोरडं राहावं, हे कुठल्याही प्रयोगानं सांगितलेलं नाही. चक्कर येऊन पडशील, आणि पाणी फार कमी झालं तर तुझं ते लाडकं क्रिएटिनिनसुद्धा वाढेल. उलट बाजूचा सल्लाही नको. मावशी प्रोटीन पावडरचा डबा आणून बसलीये. सांडलेलं ॲल्ब्युमिन डब्यानं भरून येत नाही, जास्तीची प्रथिनं गाळणीवर ओझं टाकतात. किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम, म्हणजे आपलं रोजचं वरण, उसळ, दही, एखादं अंडं, एवढं पुरे. मीठ मात्र निम्म्यावर आण. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, तोही सगळ्या जेवणांत मिळून. पापड, लोणचं, फरसाण, सॉस बंद. तुला मिसळीवरचं फरसाण सुटायचं नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून नावं घेऊन सांगितली.

आता क्रीम.

तुझ्या रिपोर्टात पीएलए२आर निगेटिव्ह आणि नेल-१ पॉझिटिव्ह लिहिलंय. मेम्ब्रेनसच्या बहुतेक, म्हणजे शंभरातल्या साधारण सत्तर रुग्णांत प्रतिपिंडं पीएलए२आर या पोडोसाइटवरच्या प्रथिनाविरुद्ध असतात. हे नातं २००९ मध्ये बॉस्टनला सापडलं. नेल-१ वेगळं. ते दिसलं की डॉक्टर दोन गोष्टी शोधतात. एक, कुठे लपलेली गाठ नाही ना. म्हणून तुझ्या सोनोग्राफ्या सांगितल्यात, त्यावर रात्र-रात्र गुगल करू नकोस. तुझ्या वयात ती शक्यता कमी. आणि दुसरी, पारा. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये नेल-१ वाल्या रुग्णांत देशी औषधांचा, त्यातही पारा असलेल्या औषधांचा धागा दाखवला. मग केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मधले मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतले १५ नेल-१ पॉझिटिव्ह, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावणारे. आपल्या महाराष्ट्रातही २०२३ च्या सुरुवातीला एकाच घरातल्या बायकांची किडनी अशा क्रीमनं बिघडल्याची बातमी आली होती.

साखरपुड्यानंतर तुझ्या पार्लरवालीनं दिलेली ती बिननावाची पांढरी डबी. लेबल नाही, कंपनी नाही, बॅच नंबर नाही, आणि चार आठवड्यांत फरक. पारा कातडीत रंग बनवणारं विकर अडवतो, म्हणून फरक दिसतो, आणि कातडीतूनच तो रक्तात उतरतो. आपल्या कायद्यानं चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग याच्या वर चालत नाही. अशा डब्यांत तो किती तरी हजार पट निघालेला आहे. मी तुला रागवणार नाही, अगं. जिला लहानपणापासून "रंग आजीवर गेलाय" ऐकवलंय तिनं डबी घेतली यात नवल काय? राग आहे तो ऐकवणाऱ्यांवर, आणि त्यात आपल्याच घरातली दोन-तीन माणसं आहेत.

डबी फेकू नकोस. झाकण घट्ट लाव, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाल आणि डॉक्टरांकडे ने. तपासायला लागेल. रक्तातला आणि लघवीतला पारा मोजायला सांगतील, तो मोजून घे. तुझी उशीची खोळ आणि टॉवेल वेगळे काढ. पिंकी तुझ्याच खोलीत झोपते, तिनंही क्रीम लावली असेलच. लपवेल, तरी विचार, आणि तिच्या लघवीची साधी तपासणी करून घे, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. आता काकांना सांग, भारीतलं औषध का थांबवलंय ते. केरळातले आणि त्याआधीच्या पाहणीतले बहुतेक रुग्ण पाऱ्याचा उगम बंद केल्यावर, बीपीच्या गोळीवरच, हळूहळू सुधारले. काही महिने लागतात. दर आठवड्याला लघवी तपासून जीव टांगणीला लावू नकोस, डॉक्टर सांगतील तेव्हाच तपास. आणि "किडनीवर रामबाण" म्हणून आत्याबाईंनी आणलेलं भस्म हातात पडलं तर तेही त्याच पिशवीत जाऊ दे. पाठ दुखली तर डायक्लोफेनॅक नाही, आयब्युप्रोफेन नाही. पॅरासिटामॉल घे.

राहिलं लग्नाचं. मुलाला सांग. त्याच्या आईला काय सांगायचं ते त्याच्यावर सोड, पण त्याला सगळं सांग. कारण ती बीपीची टेल्मिसार्टन गर्भारपणात चालत नाही, बाळाच्या किडनीला अपाय करते. मूल हवं असेल तेव्हा ती आधी बदलावी लागेल, तोवर काळजी घ्यावी लागेल, आणि ही गोष्ट एकटीनं पेलायची नसते. तो कच खाणारा असेल तर ते हळदीच्या आधी कळलेलं बरं.

आणि एक, जे मावशी तुला सांगणार नाही कारण तिला माहीतच नाही. ॲल्ब्युमिन एवढं खाली असलं की रक्त गोठायची भीती वाढते, मेम्ब्रेनसमध्ये तर जास्तच. लघवीवाटे नुसतं ॲल्ब्युमिन जात नाही, रक्त पातळ ठेवणारी प्रथिनंही जातात. म्हणून दोन्ही पाय सुजणं वेगळं आणि एकच पाय सुजून पोटरी दुखणं वेगळं. दुसरं झालं, किंवा एकाएकी धाप लागली, कमरेत एका बाजूला कळ येऊन लघवी लाल झाली, तर रात्र आहे, पाहुणे आहेत, मेंदी ओली आहे, काही बघायचं नाही, थेट दवाखाना. आणि मुहूर्ताच्या दिवशी पाळी येतेय म्हणून कुणी ना कुणी तुझ्या हातावर पाळी पुढे ढकलायची गोळी ठेवणारच. आपल्याकडे ती शेंगदाण्यासारखी वाटतात. तसल्या हार्मोनच्या गोळ्यांनी ही भीती आणखी वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुझ्या तोंडात ती जाता कामा नये. पूजेला त्या दिवशी बसायचं की नाही याची फिकीर तू करू नकोस, मावशीशी मी बोलते.